खाचेतलं काजळ

आमच्या नेमबाजी क्लबात दोन तऱ्हेचे सभासद आहेत. पहिले आपलं पिस्तूल माझ्या टेबलावर ठेवतात आणि काम संपेपर्यंत माझ्या डोक्यावर उभे राहतात. "तिथं जपून, उस्ता," "उस्ता बयूमी, तो स्क्रू नका हं फिरवू," असं त्यांचं चालू असतं. मी एकतीस वर्षं या क्लबाचा आर्मरर आहे, पिस्तुलं नीट ठेवणारा कारागीर, म्हणून उस्ता, त्याआधी बारा वर्षं लष्कराच्या वर्कशॉपात काढलीत, आणि हे काल-परवाचे वकील नि ठेकेदार मला स्क्रू शिकवतात. दुसऱ्या तऱ्हेत एकट्या मदाम इग्लाल. त्या पेटी ठेवतात, "उस्ता, तुमचं काजळ," एवढंच म्हणतात आणि पाठ फिरवून चहाला जातात. अठरा वर्षांत त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नव्हतं. क्लबानं मला दोन वेळा मानपत्र दिलं, ती कुठं ठेवलीत ते आता मला आठवतही नाही. पण मदाम पाठ फिरवून जायच्या ना, त्यावर माझा अख्खा दिवस जायचा.

काजळाचं आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमची पिस्तुलं सगळी पॉइंट टू-टूची, पंचवीस मीटरवरच्या कागदाला भोकं पाडायची. लोकांना वाटतं, नेमबाजाचा हात स्थिर असतो. कुणाचाही नसतो. सगळा खेळ असतो तो लोखंडाच्या दोन तुकड्यांचा. नळीच्या टोकाला उभी असते ती माशी. मागं, डोळ्याच्या बाजूला, एक पट्टी असते आणि तिच्यात खाच. खाचेच्या मधोमध माशी उभी करायची, तिच्या दोन्ही अंगांना सारखा उजेड ठेवायचा आणि माशीच्या डोक्यावर निशाणाचं काळं वर्तुळ अलगद टेकवायचं. एका बाजूचा उजेड केसभर जास्त झाला, तरी गोळी उलट्या बाजूला सरकते.

आता आमच्या अलेक्झांड्रियाचा उजेड असा की तो समुद्रावरून उसळून येतो आणि लोखंडावर चमकतो. म्हणून माशी आणि खाच काळी करावी लागते. इतकी काळी, की लोखंड दिसू नये, नुसता आकार दिसावा. कुणी काडी ओढून धूर देतं, कुणी मेणबत्ती धरतं, हल्ली डबीतला रंगही मिळतो. मी लोबान जाळतो. माझी आई डोळ्यांत घालायचं काजळ असंच धरायची. लोबानाचा खडा पेटवायची, वर पितळी ताटली उपडी करायची आणि कोंबडीच्या पिसानं काजळ झाडून घ्यायची. गल्लीतल्या सगळ्या नवऱ्या मुली तिच्याकडं यायच्या. मी ताटलीऐवजी पिस्तूल धरतो, एवढाच फरक. धूर एक श्वास द्यायचा. आपण एक श्वास घेऊन सोडेपर्यंत, बस. जास्त दिला की काजळ फुगतं, खाचेच्या कडा जाड होतात आणि उजेड बुजतो. हे दुसऱ्या कुणाला जमत नाही असं मी म्हणतो, आणि ते खरंच आहे.

राष्ट्रीय स्पर्धेला पाच आठवडे उरले होते, तेव्हाची गोष्ट. त्या स्पर्धेतून दोघीच पुढच्या स्पर्धेसाठी ट्युनिसला जायच्या होत्या. मदाम इग्लाल सत्तेचाळीसच्या. दिवसभर स्वतःच्या औषधांच्या दुकानात उभ्या राहायच्या आणि संध्याकाळी सरावाला यायच्या. "या खेपेला जमलं तर जमलं, उस्ता," त्या मला म्हणाल्या होत्या. "नंतर मी नातवंडांना घेऊन बसणार." त्या दिवशी त्यांनी नेहमीसारखी पेटी ठेवली, काजळ मागितलं आणि गेल्या. मी पेटी उघडली आणि पिस्तूल उजेडाकडं धरलं.

मागची पट्टी माझी नव्हती. अठरा वर्षांपूर्वी मी तीन दिवस कानस घेऊन बसलो होतो आणि मदामच्या नजरेला बेतून ती खाच कापली होती. तिच्या जागी दुसरीच पट्टी बसवलेली होती. खाच रुंद, तळाशी चौकोनी, कडा कशा काचेसारख्या. पुढची माशीही घासलेली. डोळ्याच्या बाजूनं तिला आत किंचित कलती केली होती, म्हणजे वरून उजेड पडला तरी चमकू नये. आपल्याच स्वयंपाकघरात शिरावं आणि डबे भलत्याच हातानं लावलेले दिसावेत, तसं मला झालं. बरं, काम वाईट असतं तर मी पोट धरून हसलो असतो. काम सुरेख होतं, आणि त्यानंच माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी एक श्वास धूर दिला, पेटी बंद केली. मदाम आल्या. मी विचारलं, "मदाम, सगळं ठीक ना?"

"ठीक आहे, उस्ता," त्या म्हणाल्या, आणि पेटीचं बिजागर बघत राहिल्या. माझ्याकडं बघितलं नाही.

हे हात कुणाचे, ते शोधायला मला कुठं जावं लागणार नव्हतं. नाशेद. अत्तारीनच्या गल्लीत त्याचं दुकान, दातांच्या कवळ्या करतो. दोन वर्षांपूर्वी क्लबात आला. गोरा, गोलमटोल, चाळिशीचा, सारखा हसणारा. "उस्ता, कानस धरायची कशी ते शिकवा ना," म्हणून याच खोलीत माझ्याशेजारी स्टूल ओढून बसायचा. मी शिकवलं. चहासुद्धा पाजला. त्याला लोबानाचा वास आला की म्हणायचा, "उस्ता, तुमच्याकडं आलं की रविवारी चर्चला गेल्याचं पुण्य मिळतं." मी हसायचो. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

घरी गेलो, तर माझी बायको अतियात सुईत दोरा ओवत बसली होती. जेवण पुढ्यात आलं, पण घास उतरेना. तिनं विचारलं, तेव्हा सांगून टाकलं.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "बाईनं कारागीर बदलला. मी तीन वर्षांपूर्वी शिंपी बदलला, तर तुम्हाला पत्ता तरी लागला का, अबू शरीफ?" आमच्या मुलाच्या, शरीफच्या नावानं ती मला हाक मारते.

"शिंपी वेगळा. त्या खाचेत माझे तीन दिवस आहेत."

"मग असतील. पण त्यांना आता दिसत नसेल त्यातून. तुम्हाला तरी कुठं दिसतं? पेपर वाचताना हात इतका लांब धरता, की उद्या शेजारणीच्या गॅलरीत जाईल."

"माझ्या नजरेला काही झालेलं नाही."

"बरं, मग हा दोरा ओवून द्या," म्हणून तिनं सुई पुढं केली. मी उठून हात धुतले. दोरा तिनंच ओवला.

दुसऱ्या दिवशी मी अत्तारीनला गेलो. नाशेदच्या दुकानात फळ्यांवर ओळीनं कवळ्या मांडलेल्या, सगळ्या माझ्याकडं बघून दात विचकत होत्या. तो चाकावर काहीतरी घासत होता. मला बघून उठला, स्टूल पुसलं.

"या या, उस्ता! चहा सांगतो."

"चहा नको. कुणाला विचारून हात लावलास?"

"कशाला?"

"दाताला नाही. मदामच्या पिस्तुलाला."

त्याचं हसू गेलं. हातातलं काम त्यानं कापडावर ठेवलं. "त्याच आल्या होत्या, उस्ता. म्हणाल्या, नाशेद, मला माशीच्या बाजूला उजेडच दिसत नाही. सगळं काळं, एकजीव. माशी कधी डावीकडं असते, कधी उजवीकडं, मी आपली अंदाजानं मारते."

"मग मला सांगायचं! माझ्याकडं कानस नाही?"

"त्या म्हणाल्या, उस्तांनी ती खाच माझ्यासाठी तीन दिवस बसून कापलीय. ती आता मला पुरत नाही, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?" त्यानं हात कापडाला पुसले. "ती कापलीत तेव्हा त्या एकोणतीसच्या होत्या, उस्ता. आता औषधाच्या बाटलीवरचं वाचायला चष्मा लागतो त्यांना. डोळा पिकला की खाच मोठी करावी लागते. तुम्हीच शिकवलंत की मला, पिस्तूल माणसाला मापून करायचं असतं."

माझेच शब्द माझ्या तोंडावर फेकले त्यानं, आणि तेही इतक्या आदरानं, की मला शिवीसुद्धा देता येईना. मग त्यानं कपाटातून स्वतःचं पिस्तूल काढलं, वरचा बोल्ट मागं ओढून आतून रिकामं असल्याचं दाखवलं आणि माझ्या हातात दिलं. "तशीच खाच यालाही केलीय. बघा तरी एकदा."

समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, काळ्या तबकडीचं. मी त्याच्यावर रोखलं. आणि काय सांगू, माशीच्या दोन्ही अंगांना उजेडाच्या दोन पट्ट्या उभ्या होत्या. सरळ, सारख्या, स्वच्छ. असं मी शेवटचं कधी पाहिलं होतं? मला आठवेना. मग एकदम ध्यानात आलं, की कितीतरी वर्षं मी गेज लावून, बोटानं चाचपून, सवयीनं खाचा कापत आलो होतो, आणि मला दिसतंय असं समजत होतो. हात खाली घ्यावासा वाटत नव्हता.

"कसं वाटतं?" नाशेदनं विचारलं.

"दार आहे दार," मी म्हणालो. "यातून रम्लची ट्राम जाईल."

तो हसला. त्याला खरंच थट्टा वाटली. मी पिस्तूल त्याच्या टेबलावर ठेवलं आणि बाहेर पडलो.

पुढचे पाच आठवडे मी नुसता जळत होतो. लपवून काय करू? मदाम आणि नाशेद सरावानंतर जिन्यावर किती वेळ बोलतात, ते मी खिडकीतून मोजायचो. एकदा मदाम मोठ्यानं हसल्या. अठरा वर्षांत माझ्या कुठल्या बोलण्यावर त्या अशा हसल्या होत्या, ते मी रात्रभर आठवत पडलो, आणि एकही सापडलं नाही. क्लबात ज्याला त्याला मी ट्रामची गोष्ट सांगायचो. लोक खिदळायचे आणि मला जरा बरं वाटायचं. मग एके दिवशी त्याच खिदळणाऱ्यांपैकी एका ठेकेदाराच्या पिस्तुलावर मला तसलीच रुंद खाच दिसली. दुसऱ्या आठवड्यात आणखी एकाच्या. मला कुणी काही बोललं नाही. सगळे माझ्याशी फार गोड वागायला लागले, आणि ते तर मला अजिबात सहन होत नव्हतं.

मदाम मात्र काजळाला माझ्याकडंच यायच्या. नाशेदला ते जमत नव्हतं. त्यानं एकदा मेणबत्ती धरली होती, माशीवर मेणाचा थेंब पडला, म्हणून मदाम त्याला मुलासारखं रागे भरल्या होत्या. ही बातमी मला तीन जणांकडून कळली आणि मी तिन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवलं.

स्पर्धेच्या सकाळी आभाळ धुतल्यासारखं होतं आणि समुद्रावरून उजेड नुसता ओसंडत होता. कैरोहून, इस्माइलियाहून पोरी आल्या होत्या, कुणाला लेकी शोभाव्यात अशा. अगोदर सावकाश नेमाच्या तीस गोळ्या, पाच-पाचच्या सहा फेऱ्या. दुपारी जलद नेमाच्या तीस. साडेआठला मदाम माझ्या खोलीत आल्या. पांढरा कोट, केस घट्ट बांधलेले, तोंड कोरडं पडलेलं.

"उस्ता, तुमचं काजळ," त्या म्हणाल्या. आणि गेल्या, पाठ फिरवून.

मी पेटी उघडली. नाशेदच्या खाचेनं माझ्याकडं बघितलं. मी ताटलीत लोबान ठेवला, पेटवला. धूर सरळ उभा राहिला. पिस्तूल उलटं धरलं, माशीला एक श्वास दिला. खाचेला एक श्वास दिला. काम झालं होतं. माझा हात तिथंच राहिला.

खिडकीतून जिना दिसत होता. नाशेद चहाचे दोन पेले घेऊन उभा होता आणि त्यातला एक मदामच्या हातात देत होता. त्या काहीतरी म्हणाल्या, त्यानं छातीला हात लावून मान झुकवली.

मी खाचेला दुसरा श्वास दिला. मग तिसरा. काजळ दोन्ही कडांवर मखमलीसारखं वर येत होतं आणि त्याची रुंद खाच माझ्या डोळ्यांदेखत अरुंद होत होती. मला मदामचं वाईट करायचं नाहीये, असं मी स्वतःला बजावलं. मी फक्त खाच तिच्या जुन्या मापाला आणतोय. ज्या मापानं त्या सहा वेळा जिंकल्या, त्या मापाला. चौथा श्वास दिला आणि पेटी बंद केली. मदाम आल्या, पेटी घेतली. उघडूनसुद्धा बघितली नाही.

मी दुर्बीण घेऊन खिडकीशी बसलो. पहिली फेरी, पन्नासपैकी त्रेचाळीस. सरावात त्या सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस मारायच्या. खोटं कशाला बोलू, त्या त्रेचाळीसला मला बरं वाटलं. दोरीपलीकडं नाशेद पुढं सरकून बसला, त्याची मान लांब झाली, तेव्हा आणखी बरं वाटलं. बघ म्हटलं, तुझं दार.

दुसऱ्या फेरीत भोकं डावीकडं चालायला लागली. तिसरी गोळी आठात, चौथी डावीकडच्या सातात. मदाम हात वर करायच्या आणि न मारता खाली घ्यायच्या. पुन्हा वर, पुन्हा खाली. मला एकदम कळलं काय होतंय ते. दाट काजळ धक्क्यानं सुटत होतं. डाव्या कडेवरचं गळत होतं आणि उजव्या कडेवरचं तसंच चिकटून होतं. त्या इमानदारीनं दोन्ही बाजूंचा उजेड सारखा करायच्या, आणि सारखा केला की माशी डावीकडं जायची. जितका नीट नेम धरत होत्या, तितकं चुकत होतं. एकेचाळीस.

त्यांनी पिस्तूल खाली ठेवलं आणि वाकून खाचेकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. आता या खिडकीकडं बघणार, असं मला वाटलं. नाही बघितलं. कोटाच्या खिशातून रुमाल काढला, त्याचं टोक पिळून खाचेत घातलं आणि सगळं काजळ पुसून टाकलं. मग उघड्या, चमकणाऱ्या लोखंडावर उरलेल्या चार फेऱ्या मारल्या. शेचाळीस, शेचाळीस, सत्तेचाळीस, शेचाळीस. सकाळ संपली तेव्हा त्या पाचव्या नंबरावर होत्या, आणि दुपारच्या तीस गोळ्या तेवढ्या उरल्या होत्या.

मी ताटली घासत बसलो. घासायची गरज नव्हती. दारात सावली पडली. मदाम होत्या, मागं नाशेद, आणि त्याच्या मागं आपापल्या पेट्या घेऊन आलेले तीन-चार सभासद, ट्रामच्या गोष्टीला हसणारेच सगळे. मदामनी पिस्तूल टेबलावर ठेवलं. रुमाल त्यांच्या हातात होता, कोपरा काळाकुट्ट.

नाशेद म्हणाला, "उस्ता, काजळ फार दाट होतं. डावी कड सुटली आणि—"

"नाशेद, तू गप्प बस," मदाम म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. आवाज इतका मऊ, की माझ्या अंगावर काटा आला. "उस्ता, आज जरा जास्त बसलं. होतं असं. डोळ्यांवर ताण येतो, आपलं सगळ्यांचंच वय झालं. स्पर्धा संपली की मी तुम्हाला माझ्या डॉक्टरकडं घेऊन जाते. चष्मा लागला तर लागला, त्यात लाजायचं काय?"

मागच्या सभासदांनी माना डोलावल्या. ठेकेदारानं च्च केलं. मला नुसतं "हो मदाम" म्हणायचं होतं. दोन शब्द. ते म्हटले असते तर सगळं तिथंच मिटलं असतं, कुणाला काही कळलं नसतं.

पण तेवढ्यात नाशेदनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "खरंच, उस्ता. बारीकसारीक काम मी करत जाईन इथं बसून. तुम्ही नुसतं सांगा, कसं करायचं ते."

तो हात मी झटकला. "माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" मी ओरडलो. "आंधळा समजता का मला सगळे? सगळं स्वच्छ दिसत होतं! एकेक थर चढताना दिसत होता! चार श्वास दिले मी, मोजून, बघत बघत दिले!"

बोललो, आणि मग ऐकलं मी काय बोललो ते.

बाहेर लाउडस्पीकरवर दुपारच्या फेरीची नावं वाचत होते. नाशेदचं तोंड उघडं राहिलं होतं. ठेकेदारानं आपली पेटी हळूच छातीशी धरली.

"माहीत आहे, उस्ता," मदाम म्हणाल्या. "अठरा वर्षांत तुमचा श्वास कधी चुकला नाही. लाइनवर रुमाल काढला, तेव्हाच कळलं मला. म्हणून तर डोळ्यांचं म्हटलं."

मला खाली बघावंसं वाटलं, पण खाली त्यांचं पिस्तूल होतं. "मदाम," मी म्हणालो. "तुम्ही मला सांगायचं होतंत. खाच पुरत नाही म्हणून. मी मोठी करून दिली असती."

"हो," त्या म्हणाल्या. "सांगायला हवं होतं. मी भ्याले. तुमचं मन दुखवायला भ्याले. ती माझी चूक." त्यांनी रुमालाची घडी घातली, काळा कोपरा आत घेऊन. "पण मी तुमच्या पोटावर पाय दिला नव्हता, उस्ता. तुम्ही माझं ट्युनिस घेत होतात."

नाशेद पुढं आला. त्याचाही आवाज उतरला होता. "मदाम, वेळ कमी आहे. द्या, मी बघतो. मेणबत्ती नाही, काडीनं करतो."

मदामनी पिस्तुलाकडं बघितलं, मग त्याच्याकडं, मग माझ्याकडं. त्या एवढ्या वेळात मी काय काय कबूल केलं मनात. त्याला स्टूल देईन, माझी कानस देईन, लोबानाचा श्वास किती द्यायचा तेही शिकवीन. फक्त ते पिस्तूल आत्ता त्याच्या हातात जाऊ नये.

त्यांनी पिस्तूल टेबलावरून माझ्याकडं सरकवलं.

"उस्ता करतील," त्या म्हणाल्या. "त्यांच्यासारखं कुणाला जमत नाही."

माझे डोळे भरून आले. बाहीनं पुसले, कारण आता दिसायला हवं होतं. कापसाला स्पिरिट लावून खाच साफ केली, माशी साफ केली. पट्टीवर बोट फिरवलं. चांगली पट्टी होती, मान्य करतो. ताटलीत नवा खडा ठेवला, पेटवला. दारातले सभासद एकेक करून निघून गेले. नाशेदही गेला. जिन्यावरून चहावाल्यानं हाक मारली, "मदाम इग्लाल, तुमचा चहा ठेवलाय!"

धूर सरळ उभा राहिला. मी पिस्तूल उलटं धरलं, माशी धुरावर नेली. श्वास घेतला, सोडला. पिस्तूल बाजूला घेऊन खाच पुढं करणार, तेवढ्यात टेबलावर सावली दिसली, म्हणून मान वर केली.

मदाम चहाला गेल्या नव्हत्या. टेबलाच्या पलीकडं उभ्या होत्या, इतर सभासद उभे राहतात तशा, हाताची घडी घालून. माझ्या बोटांकडं बघत होत्या.

"तिथं जपून, उस्ता," त्या म्हणाल्या.